जुन्या ऑफ-रोड वाहनांसाठी धक्काशोषकांची निवड

धक्काशोषक किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा वाहनाच्या सस्पेन्शनमधील एक घटक आहे. स्प्रिंगच्या आंदोलनांतील गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करून ती आंदोलने शमवणे हे त्याचे मुख्य कार्य होय. गॅरेजच्या बोलीत त्याला 'शॉकअप' किंवा 'शॉकर' असेही म्हणतात. डांबरी रस्ता सोडून माती, वाळू, खडक आणि नदीपात्र यांतून चालवल्या जाणाऱ्या वाहनांना ऑफ-रोड वाहने म्हणतात. अशा जुन्या वाहनाचे धक्काशोषक बदलताना काही विशेष अडचणी येतात. मूळ उत्पादकाचा भाग अनेकदा बाजारात उपलब्ध नसतो. आधीच्या मालकांनी स्प्रिंग, चाके किंवा बंपर बदललेले असल्याने वाहनाची उंची व वजन मूळ आराखड्याप्रमाणे राहिलेले नसते. त्यामुळे केवळ वाहनाचे नाव किंवा सुट्या भागाचा क्रमांक पाहून केलेली निवड चुकण्याची शक्यता असते आणि प्रत्यक्ष मोजमापाला महत्त्व येते.

धक्काशोषकाचा संबंध केवळ प्रवासाच्या आरामाशी नसून सुरक्षिततेशीही आहे. चाक जमिनीला टेकलेले असेल तरच ब्रेक, सुकाणू आणि इंजिनाची ओढ यांचा उपयोग होतो. अवमंदन अपुरे असल्यास खडबडीत रस्त्यावर चाक वारंवार हवेत उचलले जाते, ब्रेक लागण्याचे अंतर वाढते आणि वळणावर वाहन घसरू शकते. ऑफ-रोड वाहनांचा गुरुत्वमध्य उंच व चाकांमधील आडवे अंतर तुलनेने कमी असल्यामुळे हा धोका अधिक गंभीर ठरतो.

## इतिहास

घोडागाड्यांमध्ये आणि आरंभीच्या मोटारगाड्यांमध्ये स्वतंत्र धक्काशोषक नसत. कमानपाट्यांच्या थरांमधील घर्षणच आंदोलने कमी करत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्समधील त्रुफो याच्या रचनेवर आधारित घर्षण-धक्काशोषक अमेरिकेत हार्टफर्ड याने बाजारात आणले. त्यांत चकत्या एकमेकींवर घासून अवमंदन होत असे. फ्रेंच अभियंता मॉरिस उदाय याच्या नावाने ओळखले जाणारे फिरत्या पात्याचे द्रवचालित धक्काशोषकही त्याच काळातील आहेत. पुढे नळीच्या आकाराचे, दुर्बिणीप्रमाणे आत-बाहेर सरकणारे द्रवचालित धक्काशोषक प्रचारात आले आणि त्यांनी जुन्या प्रकारांची जागा घेतली.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी या जीपला पुढे व मागे घन आस, कमानपाटे आणि नळीच्या आकाराचे द्रवचालित धक्काशोषक होते. ही साधी मांडणी पुढील कित्येक दशके ऑफ-रोड वाहनांचा नमुना ठरली. फ्रेंच संशोधक क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों याने एकनळी, उच्च दाबाच्या वायूने भारलेल्या धक्काशोषकाचा विकास केला. बिल्स्टाइन या जर्मन कंपनीने १९५० च्या दशकात या तत्त्वावरील धक्काशोषक मर्सिडीज-बेंझ मोटारींसाठी तयार केले.

भारतात महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपच्या जुळणीस प्रारंभ केला. त्याच परंपरेतील सीजे-३बी, एमएम ५४० इत्यादी वाहनांत पुढे-मागे घन आस व कमानपाटे ही मांडणी कायम राहिली. डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आलेल्या मारुती जिप्सीतही हीच मांडणी होती. गॅब्रिएल इंडिया ही १९६१ मध्ये स्थापन झालेली कंपनी भारतातील प्रमुख धक्काशोषक उत्पादकांपैकी एक असून तिचे कारखाने पुणे जिल्ह्यातील चाकण परिसरात व नाशिक येथेही आहेत.

## कार्यतत्त्व

वाहनाचे वजन स्प्रिंग पेलते, धक्काशोषक नव्हे. खड्ड्यातून जाताना स्प्रिंग दाबली जाते व ऊर्जा साठवते. ही ऊर्जा काढून घेतली नाही तर वाहनाचा सांगाडा बराच वेळ वरखाली हेलकावत राहतो. धक्काशोषकातील दट्ट्या तेलाने भरलेल्या नळीत सरकतो. तेल दट्ट्यातील बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते आणि या प्रवाहाला होणाऱ्या विरोधामुळे ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

हा विरोध दट्ट्याच्या वेगावर अवलंबून असतो. दट्ट्या स्थिर असताना साधा द्रवचालित धक्काशोषक जवळजवळ कोणतेही बल लावत नाही. म्हणूनच कडक धक्काशोषक बसवल्याने खाली बसलेले वाहन उंच होत नाही. वायूने भारलेल्या प्रकारात दांड्याला बाहेर ढकलणारे बल असते, पण त्याचा उंचीवरील परिणाम अल्प असतो.

धक्काशोषकाच्या हालचालीचे दोन भाग पडतात. चाक वर जाताना तो आखडतो, त्यास संकोचन म्हणतात. चाक खाली येताना तो लांबतो, त्यास प्रसरण किंवा रिबाउंड म्हणतात. पारंपरिक रचनेत प्रसरणाचा विरोध संकोचनाच्या विरोधापेक्षा बराच अधिक ठेवलेला असतो. कारण संकोचनाच्या वेळी स्प्रिंगही चाकाला विरोध करत असते, तर प्रसरणाच्या वेळी स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा आवरण्याचे काम एकट्या धक्काशोषकाकडे असते.

सस्पेन्शनवर दोन प्रकारची आंदोलने होतात. सांगाड्याचे हेलकावे सेकंदाला सुमारे १ ते २, तर आस व चाक यांची थरथर सेकंदाला सुमारे १० ते १५ इतक्या वारंवारतेची असते. चांगल्या धक्काशोषकाला दोन्ही आवरावी लागतात. घन आस असलेल्या वाहनांत आस, गिअरपेटीका आणि ब्रेक यांचे सारे वजन चाकाबरोबर हलते. त्यामुळे ही थरथर आवरणे स्वतंत्र सस्पेन्शनच्या मोटारींपेक्षा अवघड असते.

## प्रमुख प्रकार

दुनळी धक्काशोषक. यात आतील नळीत दट्ट्या सरकतो व बाहेरील नळीत राखीव तेल असते. दांडा आत शिरल्यामुळे बाजूला सारले जाणारे तेल तळाच्या झडपेतून बाहेरच्या नळीत जाते. हा प्रकार स्वस्त असून त्याची बंद लांबी कमी असते. दगड लागून बाहेरील नळीला पोचा पडला तरी दट्ट्याच्या हालचालीस सहसा अडथळा येत नाही. मात्र सतत खडबडीत रस्त्यावर राखीव तेल व हवा मिसळून फेस होतो आणि विरोध घटतो. दुनळी धक्काशोषक दांडा वर ठेवून, उभ्या किंवा उभ्याच्या जवळच्या स्थितीतच बसवावा लागतो.

कमी दाबाच्या वायूचा दुनळी धक्काशोषक. राखीव नळीतील हवेऐवजी काही बार दाबाचा नायट्रोजन भरल्याने फेस होण्याचे प्रमाण कमी होते. जुन्या ऑफ-रोड वाहनांसाठी मिळणाऱ्या पर्यायी धक्काशोषकांपैकी अनेक या प्रकारचे असतात. ऑस्ट्रेलियातील ओल्ड मॅन इमू या नाममुद्रेचे नायट्रोचार्जर हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

एकनळी धक्काशोषक. यात एकाच नळीत तेल व सुमारे २० ते ३० बार दाबाचा नायट्रोजन असतो. दोहोंमध्ये तरंगता दट्ट्या असल्याने ते मिसळत नाहीत. नळीच्या बाहेर थेट हवा लागत असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते आणि तो उलटाही बसवता येतो. परंतु वायूच्या कक्षामुळे बंद लांबी वाढते आणि नळीला खोल पोचा पडल्यास दट्ट्या अडकू शकतो. त्यामुळे खडकाळ भागात दगडांच्या माऱ्यापासून त्याचे संरक्षण आवश्यक ठरते.

बाह्य टाकीचा धक्काशोषक. यात वायू व जादा तेल वेगळ्या टाकीत असते. तेलाचे प्रमाण वाढल्याने उष्णता सहन करण्याची क्षमता वाढते आणि लांबीची बचत होते. हा प्रकार महाग असून तो मुख्यतः वेगवान वाळवंटी शर्यती व दीर्घ मोहिमांसाठी वापरला जातो.

समायोज्य धक्काशोषक. काही धक्काशोषकांत विरोध कमी-जास्त करण्याची सोय असते. अमेरिकेतील रँचो कंपनीच्या आरएस ९००० मालिकेत बाहेरील खुंटी फिरवून नऊ टप्प्यांत बदल करता येतो. नेदरलँड्समधील कोनी कंपनीच्या पारंपरिक रचनेत धक्काशोषक काढून, पूर्ण दाबून व फिरवून प्रसरणाचा विरोध वाढवता येतो. झिजेमुळे कमी झालेला विरोध भरून काढण्यासाठीही या सोयीचा उपयोग होतो.

## बदलण्यापूर्वीची तपासणी

धक्काशोषक निकामी झाल्याची प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत :

* सीलमधून तेल ओघळणे. दांड्याजवळ तेलाचा पातळ, धुळकट थर असणे ही नेहमीची बाब असली तरी नळी ओली होऊन थेंब पडणे हा दोष होय.
* दांडा वाकणे, त्याचा क्रोम थर गंजणे किंवा नळीला पोचा पडणे.
* टायरची झीज एकसारखी न होता ठिकठिकाणी खळगे पडणे.
* ब्रेक लावताना वाहनाचे नाक अधिक खाली जाणे व नंतरही हेलकावे चालू राहणे.
* रबरी बुश फाटणे आणि त्यामुळे खडखड आवाज येणे.

बंपर हाताने दाबून सोडण्याची चाचणी सर्वत्र केली जाते. परंतु कमानपाट्यांच्या वाहनांत ती फसवी ठरू शकते. गंजलेल्या किंवा कोरड्या पाट्यांतील घर्षण इतके असते की धक्काशोषक पूर्णतः निकामी असतानाही वाहन उसळत नाही. अशा वेळी धक्काशोषकाचे एक टोक सोडवून तो हाताने पूर्ण लांबवणे व आखडणे हा अधिक विश्वासार्ह उपाय आहे. दोन्ही दिशांना विरोध सलग जाणवला पाहिजे. मध्येच रिकामी, विरोधहीन हालचाल आढळल्यास तेल कमी झाले आहे किंवा झडप निकामी झाली आहे असे समजावे.

धक्काशोषकाबरोबर सस्पेन्शनचे इतर भागही पाहणे आवश्यक असते. तुटलेला पाटा, ढिले यू-बोल्ट, झिजलेले शॅकल-बुश आणि मधला तुटलेला बोल्ट हे दोष नव्या धक्काशोषकाने दूर होत नाहीत. घन आसेच्या वाहनांत ठरावीक वेगाला सुकाणू जोरजोरात थरथरू लागते. त्याचे मूळ बहुधा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये, टाय-रॉडच्या सांध्यांत किंवा चाकांच्या असंतुलनात असते. कडक धक्काशोषक किंवा सुकाणूचा स्वतंत्र धक्काशोषक बसवल्याने ही थरथर काही काळ झाकली जाते, पण झीज चालूच राहते. म्हणून आधी सांधे, मग स्प्रिंग आणि शेवटी धक्काशोषक हा क्रम पाळला जातो.

## निवडीचे निकष

### लांबी व धाव

धक्काशोषकाची पूर्ण आखडलेली लांबी आणि पूर्ण लांबलेली लांबी यांतील फरकास धाव म्हणतात. निवडीत दोन नियम मूलभूत मानले जातात. पहिला, आस रबरी बंपस्टॉपला पूर्ण टेकली तरी धक्काशोषक आतून टेकता कामा नये. दुसरा, चाक पूर्ण खाली लोंबले तरी धक्काशोषक ताणून टोकाला जाता कामा नये. पहिला नियम मोडल्यास दट्ट्या तळाशी आदळून झडप फुटते किंवा चासीवरील कंस तुटतो. दुसरा नियम मोडल्यास आसेचे वजन धक्काशोषकाच्या दांड्यावर लटकते आणि डोळा किंवा दांडा उपटला जातो.

मोजमाप वाहन सपाट जागी, नेहमीच्या भारासह उभे करून घेतले जाते. वरच्या व खालच्या जोडबिंदूंच्या केंद्रांमधील अंतर, आस व बंपस्टॉप यांमधील मोकळी जागा, आणि चासी उचलून चाक लोंबते ठेवल्यावरचे अंतर अशा तीन नोंदी लागतात. धक्काशोषक तिरका असल्यास आसेच्या हालचालीपेक्षा त्याची हालचाल कमी असते, हे गणितात धरावे लागते. खडकाळ भागात एक चाक वर व दुसरे खाली जाते. म्हणून एक चाक उंच ठोकळ्यावर चढवून त्या स्थितीतील लांबीही तपासली जाते. जॅकबरोबर मजबूत घोडे न लावता चासीखाली जाणे धोक्याचे असते.

पुढील आकडे केवळ पद्धत स्पष्ट करण्यासाठी दिले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट वाहनाचे नाहीत.

| नोंद | मूळ उंची | ५० मिमी उंचावलेले वाहन |
|---|---|---|
| स्थिर उंचीला जोडबिंदूंमधील अंतर | ४१० मिमी | ४६० मिमी |
| बंपस्टॉपला टेकल्यावरचे अंतर | ३३५ मिमी | ३७५ मिमी |
| चाक लोंबल्यावरचे अंतर | ५०० मिमी | ५५० मिमी |
| आवश्यक बंद लांबी, अधिकाधिक | ३२० मिमी | ३६० मिमी |
| आवश्यक खुली लांबी, किमान | ५१० मिमी | ५६० मिमी |
| किमान धाव | १९० मिमी | २०० मिमी |

यात बंद बाजूस १५ मिमी व खुल्या बाजूस १० मिमी मोकळीक धरली आहे. दुसऱ्या रकान्यात बंपस्टॉप ४० मिमीने लांब केला आहे असे मानले आहे. तो तसाच ठेवला असता तर बंद लांबी ३२० मिमी व खुली लांबी ५६० मिमी, म्हणजे २४० मिमी धाव लागली असती. कोणत्याही साध्या धक्काशोषकाची बंद लांबी म्हणजे धाव अधिक डोळे, सील, दट्ट्या व झडपा यांनी व्यापलेली लांबी. ३२० मिमीतून २४० मिमी वजा जाता या भागांसाठी केवळ ८० मिमी उरतात, जे बहुधा अपुरे पडतात. वाहन उंचावताना बंपस्टॉपकडे दुर्लक्ष केल्यास योग्य धक्काशोषक का मिळत नाही, हे यावरून कळते.

### बसवण्याचा कोन

जागेच्या अभावी किंवा आधीच्या मालकाने कंस बदलल्यामुळे धक्काशोषक तिरका बसवलेला असू शकतो. उभ्या रेषेपासून कोन वाढतो तसा दट्ट्याचा वेग कमी होतो आणि त्याच्या बलाचा उभ्या दिशेतील भागही घटतो. दोन्ही परिणाम एकत्र येऊन चाकावरील अवमंदन कोनाच्या कोज्येच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. ३० अंशांच्या कोनात ते उभ्या धक्काशोषकाच्या सुमारे ७५ टक्के, तर ४५ अंशांच्या कोनात ५० टक्के उरते. तिरका बसवलेला उत्तम धक्काशोषकही म्हणूनच मऊ वाटू शकतो.

### स्प्रिंग व वजन

अवमंदनाची गरज स्प्रिंगचा कडकपणा आणि तिच्यावरील वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वजन तेच ठेवून स्प्रिंग ४४ टक्के कडक केली, तर तेवढ्याच प्रमाणशीर अवमंदनासाठी धक्काशोषकाचा विरोध सुमारे २० टक्के वाढवावा लागतो. विंच, पोलादी बंपर, छतावरील कॅरिअर व जादा इंधनाच्या टाक्या यांमुळे कायमचे वजन वाढले असल्यास आधी स्प्रिंग त्या वजनाला साजेशी करून नंतर धक्काशोषक निवडला जातो.

कमानपाट्यांच्या संख्येलाही महत्त्व आहे. अनेक पातळ पाट्यांच्या पारंपरिक गठ्ठ्यात घर्षण मोठे असते व तेच काही प्रमाणात अवमंदन करते. त्याऐवजी दोन-तीन जाड, टोकांकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पॅराबोलिक पाट्यांचा संच बसवल्यास घर्षण घटते. तेव्हा मूळ धक्काशोषक अपुरा पडून वाहन उसळू लागते. अशा संचासोबत त्यासाठीच जुळवलेला धक्काशोषक घेणे इष्ट असते.

### उष्णता व वापर

धक्काशोषक कोणत्या रस्त्यावर किती वेळ चालणार, यावर प्रकाराची निवड ठरते. पन्हाळी पत्र्यासारख्या लहरी पडलेल्या कच्च्या रस्त्यावर दट्ट्या सतत वेगाने हलतो. तेल तापून पातळ होते, पोकळ्या व फेस निर्माण होतात आणि विरोध घटत जातो. अशा वापरासाठी मोठ्या व्यासाचे, अधिक तेलाचे दुनळी अथवा एकनळी वायूचे धक्काशोषक उपयुक्त ठरतात. याउलट खडकांवरून अतिशय संथ चालणाऱ्या वाहनात उष्णतेचा प्रश्न क्वचितच येतो. तेथे लांब धाव, कमी वेगातील मऊपणा आणि पोचे सहन करण्याची क्षमता यांना प्राधान्य असते.

खाऱ्या हवेत व समुद्रकिनारी वापरल्या जाणाऱ्या वाहनांत दांड्याच्या क्रोम थरावर गंज धरतो आणि गंजलेला पृष्ठभाग सील कापतो. कोकणपट्टीतील वाहनांसाठी धूळरोधक आवरण व वेळोवेळी गोड्या पाण्याने धुणे यांना त्यामुळे महत्त्व आहे. चिखल साचू देणारे बंद आवरण मात्र अपायकारक ठरू शकते.

### जोडणीचा प्रकार

टोकांना रबरी बुश असलेला डोळा, आडवी दांडी किंवा रबरी चकत्यांसह उभी खुंटी अशा जोडण्या आढळतात. डोळ्याचा आतील व्यास, बुशाची रुंदी आणि खुंटीवरील आटे मूळ जोडणीशी जुळणे आवश्यक असते. रबरी बुश थरथर शोषतात व आसेच्या तिरक्या हालचालीला मोकळीक देतात. पॉलियुरेथेनचे बुश अधिक टिकाऊ असतात, परंतु ते कडक असल्याने मोठ्या तिरक्या हालचालीत जोडबिंदूवर ताण वाढतो.

## उदाहरणे

### जुन्या जीप

सैन्याच्या लिलावांतून किंवा अनेक मालकांच्या हातून आलेल्या जुन्या जीपमध्ये वेगवेगळ्या मॉडेलांचे भाग एकत्र आढळतात. आस एका मॉडेलची, पाटे दुसऱ्याचे आणि चासीवरील कंस स्थानिक वेल्डिंगचे अशी स्थिती असू शकते. नोंदणी पुस्तकातील मॉडेलवरून मागवलेला धक्काशोषक तेथे बसेलच असे नसते. आधी कंसांची वेल्डिंग व चासीला गेलेल्या भेगा तपासणे महत्त्वाचे असते, कारण नवा, अधिक विरोधाचा धक्काशोषक कमकुवत कंसावर जास्त बल टाकतो.

### मारुती जिप्सी

जिप्सीचे स्वतःचे वजन सुमारे एक टन असून पुढील व मागील चाकांमधील अंतर २,३७५ मिमी आहे. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली. भारतीय सेना, पोलीस दले, मोटार रॅली आणि व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटन अशा परस्परभिन्न कामांसाठी हे वाहन वापरले गेले आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील उघडी जिप्सी पर्यटक, मार्गदर्शक व चालक यांना घेऊन मातीच्या रस्त्यावर संथ गतीने फिरते. तेथे मागील स्प्रिंगची भार पेलण्याची क्षमता व मध्यम अवमंदन पुरेसे ठरते. रॅलीतील जिप्सी हलकी असली तरी वेगाने उड्या घेते, म्हणून तिला अधिक उष्णता सहन करणारे व जास्त विरोधाचे धक्काशोषक लागतात. हेच कडक धक्काशोषक रिकाम्या, रोजच्या वापरातील जिप्सीला बसवल्यास लहान खड्ड्यांतही चाक उसळते व पकड कमी होते. एकाच मॉडेलसाठी एकच 'सर्वोत्तम' धक्काशोषक सांगता येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

## बसवण्यातील दक्षता

* एका आसेवरील दोन्ही धक्काशोषक एकाच वेळी बदलले जातात. नवा व जुना एकत्र ठेवल्यास दोन बाजूंचे अवमंदन भिन्न राहून ब्रेक लावताना वाहन एका बाजूस ओढले जाऊ शकते.
* आडवा साठवलेला दुनळी धक्काशोषक बसवण्यापूर्वी उभा धरून तीन ते पाच वेळा पूर्ण लांबवावा व आखडावा, म्हणजे आतील नळीत शिरलेली हवा निघून जाते.
* दांडा पकडीने धरू नये. क्रोम थरावरील लहानसा ओरखडाही सील निकामी करतो.
* रबरी बुशाचे बोल्ट वाहन चाकांवर उभे असताना, नेहमीच्या उंचीला अंतिमतः आवळावेत. चाक लोंबत असताना आवळल्यास बुश कायम पिळलेला राहतो व लवकर फाटतो.
* नव्या धक्काशोषकाची धाव वाढली असल्यास ब्रेकची रबरी नळी, प्रोपेलर शाफ्टचा सांधा व त्याचा सरकता भाग पूर्ण लोंबत्या स्थितीत ताणले जात नाहीत ना, हे पाहावे. पूर्वी आखूड धक्काशोषकच आसेला अडवून या भागांचे नकळत रक्षण करत असू शकतो. आवश्यकता भासल्यास आसेला मर्यादा घालणारे पट्टे बसवले जातात.
* वायूने भारलेला धक्काशोषक तापवू, कापू किंवा वेल्ड करू नये. आतील दाबामुळे स्फोट होऊ शकतो. जुने तेल जमिनीवर किंवा गटारात न ओतता टाकाऊ इंजिन तेलाबरोबर गोळा करावे.

जुने धक्काशोषक उघडून, सील व तेल बदलून पुन्हा वापरण्याची पद्धत भारतातील अनेक शहरांत आहे. आट्यांनी बंद केलेल्या, दुरुस्तीयोग्य रचनेच्या धक्काशोषकांसाठी ती उपयुक्त आहे. टोके कायमची जोडलेल्या नळीला कापून पुन्हा वेल्ड केलेला धक्काशोषक मात्र विश्वासार्ह नसतो. अनेक वर्षे गोदामात पडून राहिलेला न वापरलेला मूळ भागही सील कडक झाल्यामुळे लवकर गळू शकतो.

## प्रचलित गैरसमज

कडक म्हणजे चांगला. प्रमाणाबाहेरच्या विरोधामुळे चाक खड्ड्याचा आकार अनुसरत नाही. प्रसरण फार संथ असल्यास एकामागून एक येणाऱ्या खड्ड्यांत चाक पूर्ण खाली येण्याआधीच पुढचा धक्का बसतो. सस्पेन्शन हळूहळू आखडत जाऊन शेवटी बंपस्टॉपवर आदळू लागते.

लांब म्हणजे अधिक सोयीचा. स्प्रिंग, शॅकल व आस यांची हालचाल जितकी होऊ शकते तितकीच धाव उपयोगी पडते. त्यापेक्षा लांब धक्काशोषकाची बंद लांबी वाढल्याने तो आतून आदळण्याची शक्यता वाढते.

भार वाढला की धक्काशोषक बदलावा. भार पेलणे हे स्प्रिंगचे काम आहे. हवेच्या दाबावर किंवा जोडलेल्या गुंडाळी स्प्रिंगवर चालणारे विशेष धक्काशोषक काही भार घेतात. परंतु त्या वेळी तो भार धक्काशोषकाच्या कंसांवर येतो, आणि जुन्या चासीचे कंस त्यासाठी बनवलेले नसतात.

## भारतातील कायदेशीर बाजू

भारतात खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकृत करावी लागते व त्यासाठी वाहनाची प्रत्यक्ष तपासणी होते. जुन्या वाहनाच्या सस्पेन्शनची स्थिती त्या वेळी महत्त्वाची ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा अर्थ कठोरपणे लावला. झिजलेला धक्काशोषक त्याच मोजमापाच्या धक्काशोषकाने बदलणे ही दुरुस्ती होय. वाहनाची उंची, चासी किंवा सस्पेन्शनची मांडणी बदलणे ही मात्र वेगळी बाब असून त्याबाबत आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे आवश्यक ठरते.

## हे सुद्धा पहा

* सस्पेन्शन
* कमानपाटा
* जीप
* मारुती जिप्सी
* अवमंदन